मातौशच्या बुटाची सपात

मित्रांनो, माझी जोडी शोधू नका. मी एकटीच आहे, नमद्याची म्हणजे दाबलेल्या लोकरीची जुनी, अवाढव्य सपात. चेक देशात, बोहेमियातल्या एका खेड्यात यान हुसच्या आठवणींचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. आपल्या मतापासून ढळला नाही, म्हणून सहाशे वर्षांपूर्वी या धर्मसुधारकाला जिवंत जाळलं. इथली लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून पाहुणे बुटांवर सपाता चढवतात, मग पाद्री असो की गवळी.

मधमाश्या पाळणाऱ्या मातौशचा एक पाय आखूड. त्या पायातल्या बुटाचा तळ विटेएवढा जाड. एकही सपात त्यावर चढेना.

"राहू द्या, ब्लाजेनाबाई. मी दारातूनच बघतो."

"दारातून बघायला ही काय जत्रा आहे?" संग्रहालय सांभाळणाऱ्या ब्लाजेनाबाई म्हणाल्या. टोप्यांच्या कारखान्यातले नमद्याचे उरलेले तुकडे आणून त्यांनी मला शिवलं. टाक्याटाक्याला त्या प्रार्थना पुटपुटत होत्या. ती ऊब अजून माझ्यात आहे.

दरवर्षी हुसच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दुपारी मातौश मला घालून आत यायचा. एरवी पोरं माझ्यात दोन्ही पाय घालून घसरायची. बाई ओरडायच्या आणि पदराआड हसावं तशा ॲप्रनआड हसायच्या. माझ्यामुळे जमीन लखलखायची. किती भाग्याचे दिवस ते!

मग बुटांवर चढवायची प्लॅस्टिकची पातळ वेष्टनं आली. सपातांची टोपली आत न बघताच बाईंनी हिनेकला जाळायला देऊन टाकली. हिनेक गावच्या अग्निशामक दलाचा म्होरक्या. स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी हुसच्या आठवणीत टेकडीवर जाळ करायचा असतो, त्या लाकडांत त्याने आम्हाला खुपसलं.

त्याच दिवशी दुपारी, नेहमीप्रमाणे मातौश आला. बुटावर वेष्टन ओढताच ते टरकन फाटलं. दुसरंही फाटलं. तो मागे फिरला.

"थांबा! बाकावर बसा!" म्हणत बाई टेकडीकडे धावल्या आणि सरळ ढिगावर चढल्या.

"काकू, उतरा! लाकडं पेटवायचीत, तुम्हाला नाही!" हिनेक ओरडला.

"एक माणूस जाळला तेवढा पुरे झाला. माझी मोठी सपात काढ आधी!"

"एका सपातीसाठी रचलेला ढीग मोडू?"

"मोड. खसखस भरलेली गोड कोलाच भाजून देईन."

"गरम?"

"गरम. हात चालव!"

हिनेकने कुरकुरत ओंडके उपसले. मी अगदी तळाशी होते. बाकीच्या मैत्रिणी मात्र झिजून चाळण झाल्या होत्या. त्या तिथेच राहिल्या. त्यांचीही मी ऋणी आहे. आम्ही सगळ्यांनी मिळूनच ती जमीन चमकवली होती.

ब्लाजेनाबाईंनी गुडघे टेकून माझे बंद बांधले. मातौश म्हणाला, "हिला राळेचा वास येतोय."

"टेकडीवर फिरून आलीये," बाई म्हणाल्या. त्यांचा श्वास अजून फुलला होता.

मातौश उंबरठा ओलांडून आत आला.

मित्रांनो, घरात कोणालाच न बसणारी एखादी वेडीवाकडी वस्तू दिसली, तर ती फेकण्याआधी एवढंच विचारा, ही कोणासाठी केली होती? तो माणूस कदाचित दाराबाहेर उभा असेल.