बारा सह्या

भूमिकाचा फोटो पेपरात आला तेव्हा रंभाबाईंनी तो कापून फ्रिजवर चिकटवला आणि रविवारी सकाळी साडेदहाच्या तिच्या पियानोच्या कार्यक्रमाला जायचंच, असं जाहीर केलं. मधुकररावांनी गुडघ्याचं कारण पुढे करून पाहिलं.

"अजी, काल फिराले गेले होते तेव्हा कुठं होता गुडघा?" रंभाबाई म्हणाल्या. "आपल्या कोराडीच्या बिल्डिंगमधली पोरगी आहे. परदेशात शिकून आली. तुमाले यायचं नसन त मी एकटी जातो."

एकटीला पाठवणं त्याहून धोक्याचं होतं. मधुकररावांनी मुकाट्यानं शर्ट घातला आणि घराजवळच्या बेसाच्या चौकात रिक्षा थांबवली.

अकरा वर्षांपूर्वी दोघं नागपूरजवळ कोराडीच्या कॉलनीत राहायचे. मधुकरराव वीज केंद्रात ऑपरेटर होते, आणि खालच्या मजल्यावर कोळसा विभागातल्या नत्थूजींचं बिऱ्हाड होतं. नत्थूजी शेतकऱ्याच्या घरातला माणूस. घरात कोणी कधी पेटीसुद्धा वाजवली नव्हती. पण मुलीला शाळेत शिकवणाऱ्या बाई नागपूर सोडून जाताना आपला जुना पियानो जवळजवळ फुकटात देऊन गेल्या, आणि दहा वर्षांची भूमिका त्याला चिकटली ती चिकटलीच. शाळा दुपारची, म्हणून सकाळी आठ ते अकरा वाजवायची. चार सूर घ्यायची, चुकायची, पुन्हा तेच चार सूर. वीस वेळा, तीस वेळा. रंभाबाई भाजी निवडायला मुद्दाम खाली नत्थूजींच्या बायकोकडे, सत्यवतीकडे, जाऊन बसायच्या.

मधुकरराव मात्र त्या वेळी रात्रपाळी करून आलेले असायचे. कानात कापूस घालून झाला, डोक्यावर उशी घेऊन झाली. एकदा ड्यूटीवर डुलकी लागली आणि साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. त्याच सकाळी त्यांनी कागद घेतला आणि 'आम्ही सर्व रहिवासी' असा अर्ज लिहून पहिली सही आपली केली. सह्या मागायला दारोदार फिरले. आणखी दोघांनी सही केली. बाकीच्यांनी हसून परत पाठवलं. लेकरू आहे, वाजवू द्या, म्हणाले. मग घरी येऊन मधुकररावांनी दार लावलं आणि तीन वेगवेगळ्या पेनांनी उरलेल्या नऊ सह्या स्वतः केल्या. त्यातली एक रंभाबाईंची. बायको रोज तिथं जाऊन ऐकते, तिचंच नाव नसेल तर अर्जाला कोण विचारतो, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

तो कागद नत्थूजींच्या हातात देताना ते म्हणाले होते, "सगळ्यांचं म्हणणं आहे बाप्पा. मी फक्त आणून देऊन राहिलो."

नत्थूजी भांडले नाहीत. महिनाभरात नागपुरात नंदनवनला दोन खोल्या बघितल्या. पियानो टेम्पोत चढवायला सहा माणसं लागली. त्यात एक खांदा मधुकररावांचाही होता. सत्यवती जाताना रंभाबाईंकडे न बघता टेम्पोत बसली.

सभागृहात पंख्यांखाली तीनेकशे माणसं होती. भूमिका स्टेजवर आली. साधी निळी साडी, आखूड केस. नमस्कार करून बसली, क्षणभर हात मांडीवर ठेवले आणि वाजवायला लागली.

मधुकररावांना त्या संगीतातलं काही कळत नव्हतं. पण डाव्या हाताचे खोल, संथ सूर सुरू झाले आणि त्यांवर उजव्या हाताची बोटं धावायला लागली, तसं त्यांचं अंग आपोआप ताठ झालं. एकही सूर अडखळत नव्हता. मध्येच तिनं आवाज इतका हळू केला की पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी बांगड्या वाजलेल्या सगळ्यांना ऐकू आल्या. रंभाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मधुकररावांना मात्र दिसत होती ती दहा वर्षांची पोरगी, तेच चार सूर तीस वेळा वाजवणारी. हे घडत होतं त्यांच्या उशीखाली, आणि त्यांनी ते घराबाहेर काढलं होतं.

टाळ्या थांबल्यावर भूमिकानं माइक घेतला.

"मी कोराडीत शिकायला लागले," ती म्हणाली. "तिथल्या बारा लोकांनी सही करून दिली होती, की हिचं वाजवणं बंद करा." लोक हसले. तीही हसली. "त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुणासमोर बसले की आधी माणसं मोजायचे. यातले किती जण उठून जातील म्हणून. आज मोजली नाहीत."

पुन्हा टाळ्या पडल्या. रंभाबाई नवऱ्याकडे वळल्या. "बारा? कोणत्या बारा जणांनी देल्ली जी सही? मले त कोणी विचारलंच नाई."



कार्यक्रम संपल्यावर रंभाबाई गर्दीतून वाट काढत थेट स्टेजच्या पायऱ्यांशी गेल्या. तिथं सत्यवती उभी होती. केस पांढरे झाले होते, पण चेहरा तोच. मधुकररावांना वाटलं, आत्ता बाहेर जाऊन रिक्षा बघावी. दोन पावलं गेलेही. मग बायकोचा आवाज कानावर आला आणि ते थांबले.

"सत्यवती, काहून बोलणं सोडलं वं मायाशी?"

"तुमी सही केली ना," सत्यवती शांतपणे म्हणाली. "बाकीच्यायचं काही नाई वाटलं. तुमी मायाघरी बसून ऐकत होत्या."

"म्या सही? लेकरांची शप्पथ, म्या नाई केली!"

"तिनं नाही केली," मधुकरराव मागून म्हणाले. "मी केली. तिची, अन् आणखी आठ जणांची. खऱ्या सह्या तीनच होत्या. त्यातली एक मायी."

हार घेऊन उतरलेली भूमिका मधल्या पायरीवर थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तीनच?" तिनं विचारलं.

"तीनच, बेटा."

ती काहीतरी बोलणार होती, पण फोटोसाठी कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

"एकदा सांगतलं असतं," सत्यवती म्हणाली, "त म्या तिले संध्याकाळी बसवलं असतं. तुमची झोप मले कळत नव्हती काय?" मग तिनं रंभाबाईंचा हात धरला. "अकरा वर्षं तुमाले मनात शिव्या देल्या वं मी."

रंभाबाई त्या दिवशी सत्यवतीसोबत नंदनवनला गेल्या. संध्याकाळी परत आल्या, स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कोणाकोणाची नावं होती?" मधुकररावांनी नऊही सांगितली. एकही विसरले नव्हते.

पुढचे पंधरा दिवस ते कबुली द्यायला त्या घरांच्या पायऱ्या चढत राहिले. मुकुंद नावाच्या जुन्या शेजाऱ्यानं हसण्यावारी नेलं. एका घरी माणूस वारला होता, तिथं त्यांनी त्याच्या बायकोला सांगितलं. तिनं पाण्याचा पेला परत आत नेला.

शेवटी ते नंदनवनला गेले. नत्थूजींनी दार उघडलं, खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. आतल्या खोलीत भूमिका वाजवत होती.

"रिटायर होईपर्यंत सहा वर्षं इथून कोराडीले बसनं गेलो," नत्थूजी म्हणाले. "फर्स्ट शिफ्ट असली की पाचची बस. हिवाळ्यात लय जड जाये."

नत्थूजींनी जा असं म्हटलं नाही. दोघं म्हातारे समोरासमोर बसून राहिले, आणि आतली पोरगी एका अवघड जागी अडली होती, ती तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत होती.