पक्क्या भिंतीतलं मोहोळ

सिमगैर गावात कुणाची गाय कधी व्यायली आणि कुणाच्या सुनेला माहेरचा फोन आला, हे त्या घरच्यांच्या आधी गोपुलीला कळतं, असं लोक म्हणत. त्यात निम्मी थट्टा होती. माणसांच्या भानगडींत गोपुलीला फारसा रस नव्हता. तिला पडणारे प्रश्न वेगळेच असत. अक्रोडाच्या झाडाखाली दुसरं काही धड का उगवत नाही? झऱ्याकाठच्या शेतातला मंडुवा, म्हणजे नाचणी, कमरेएवढा वाढतो, पण कणसं पोकळ का राहतात? उत्तर सापडेपर्यंत तिला भाकरी गोड लागत नसे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ती लागू देत नसे.

दीड वर्षापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. घरच्या मधमाश्या का गेल्या?

तिच्या घराची मागची भिंत दोन हात जाड होती, आणि त्या भिंतीच्या पोटात मधमाश्यांचा कोनाडा. बाहेरून बोट जाईल एवढं भोक, आतून देवदारची फळी. गोपुली लग्न होऊन आली त्या संध्याकाळी तिचं रडू काही केल्या थांबेना. तेव्हा सासूनं तिला हाताला धरून त्या फळीपाशी नेलं, तिचा कान फळीला टेकवला आणि म्हणाली, "ऐक. हीपण आपल्याच घरची माणसं." आत हजारो पंखांची एकसारखी घरघर चालली होती. ती ऐकता ऐकता गोपुली रडायची थांबली. तेव्हापासून धार काढून झाली की ती रोज संध्याकाळी फळीला कान लावी. सासू गेली, तरी हा नेम चुकला नाही. दोन बायकांच्या केसांच्या तेलानं फळीवर एक काळसर गोल डाग पडला होता.

मग त्रिलोकसिंहानं ती मागची खोली पक्की करायची काढली. तिचा नवरा हल्द्वानीच्या रस्त्यावर जीप चालवायचा आणि रोज बघायचा की खालचे लोक नुसती बर्फाची शिखरं बघायला पैसे मोजतात. ती पाच शिखरं तर त्याच्या अंगणातून फुकट दिसत होती. पाहुण्यांना घरी ठेवायचं तर खोली कशी हवी, याचं दोन दिवसांचं शिक्षण तो घेऊन आला. खालच्या सडकेपासून दीड तासाच्या चढणीनं, खेचरांच्या पाठीवरून सिमेंटच्या चौदा गोण्या वर आल्या. गवंड्यानं विचारलं, या कोनाड्याचं काय करायचं? त्रिलोक म्हणाला, बुजवून टाक. आणि इथे गोपुलीनं हात दाखवून अवलक्षण केलं.

"पाहुण्यांना पक्की खोली आणि यांना मेलं शेणमातीचं बीळ?" ती म्हणाली. "आतूनसुद्धा गुळगुळीत सिमेंट करा. त्यांनाही कळू दे, घराला बरे दिवस आलेत."

गवंड्यानं तसं केलं. गोपुलीनं हौसेनं भोकाभोवती निळ्या रंगाचं कडंही काढलं. जुनी फळी जाऊन नवी प्लायची आली. सगळं गाव बघून गेलं आणि वाहवा करून गेलं. आठव्या दिवशी माश्या उठल्या, त्या परत आल्या नाहीत. पुढच्या वर्षी तिच्या आलुबुखाराच्या झाडांना फूल आलं तेवढं गळून गेलं. पण त्याहून जास्त तिला संध्याकाळ खायला उठायची. लेक खष्टी अल्मोड्याला शिकायला, नवरा सडकेवर, आणि भिंत मुकी. आपल्याच घरात आपण पाहुणे झालो आहोत, असं तिला वाटू लागलं.

कारणं सांगायला कुणाचं काय जातं? एक म्हणाला, मोबाइलचा टॉवर. दुसरीनं सांगितलं, घरात भांडण झालं की माशी राहत नाही. गोपुलीनं आठवून बघितलं. तिचं आणि त्रिलोकचं भांडण गेली बावीस वर्षं अखंड चालू होतं आणि माश्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

या फाल्गुनात आडूची, म्हणजे पीचची, झाडं फुलली, तेव्हा फुलांवर तिला माश्या दिसल्या. मोजक्याच, पण होत्या. कुणाच्या या? गोपुलीनं तांदळाचं पीठ चिमटीत घेतलं, एकेका माशीच्या पाठीवर हलकेच भुरभुरलं, आणि पांढरी पाठ कोणत्या दिशेला जाते ते बघत बसली. नजर पोचेल तिथवर बघायचं, दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन बसायचं आणि पुढची पांढरी पाठ येण्याची वाट बघायची. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी ती ओढ्यापलीकडे कुंदनच्या घरामागे जाऊन पोचली. कुंदन दिल्लीला. घराला अकरा वर्षं कुलूप. अंगणात खाजकुइली कमरेइतकी वाढलेली. आणि मागच्या मातीच्या भिंतीतल्या भोकात पांढऱ्या पाठीच्या माश्या आपल्या बापाचं घर असल्यासारख्या आत-बाहेर करत होत्या.

ती धावतच पानसिंह बुबूंकडे गेली. बुबू म्हणजे आजोबा. गावात सगळ्यांत म्हातारे तेच, आणि माश्यांचा न्याय त्यांच्याकडेच जायचा.

"बुबू, त्या माझ्याच ना?"

"ज्याची भिंत त्याची माशी," बुबू म्हणाले. "तू पीठ लावलंस म्हणून ती तुझी होत नाही. उद्या माझ्या पाठीला लावशील."

ते तिनं मान्य केलं, पण प्रश्न सुटेना. दोन्ही भिंतींना ऊन सारखं, वारा सारखा, खालची बागही तीच. मग तिथे का आणि इथे का नाही? तिनं कुंदनच्या भिंतीवर हात ठेवला, मग घरी येऊन आपल्या भिंतीवर ठेवला. आपली गार लागली. पण गार लागली हे काही उत्तर नव्हे. मग तिनं जात्याच्या दगडावर खडेमीठ फोडून सारखे दोन खडे निवडले. एक आपल्या पक्क्या कोनाड्यात ठेवला, दुसरा कुंदनच्याच भिंतीतल्या एका रिकाम्या कोनाड्यात. नंतर चार दिवस धुकं आणि रिमझिम. पाचव्या दिवशी तिनं दोन्ही कोनाडे उघडले. कुंदनच्या भिंतीतला खडा ठेवला तसाच कोरडा होता. तिच्या कोनाड्यात खड्याच्या जागी ओलं थारोळं. गुळगुळीत सिमेंटला घाम फुटला होता आणि तो जिरायला जागा नव्हती.

ओल्या मिठाची वाटी घेऊन ती बुबूंसमोर उभी राहिली. बुबूंनी बोट बुडवून चाखलं आणि मीठच असल्याचा निर्वाळा दिला. गोपुली मात्र खाली बसली. आपणच हौसेनं त्यांचं घर ओलं केलं, हे आता तिला पुराव्यानिशी कळलं होतं. कारण सापडल्याचा आनंद आणि त्या कारणाची लाज, दोन्ही एकदम आली, आणि तिला काय करावं कळेना.

तेवढ्यात कुंदनचा फोन आला. अकरा वर्षांत त्यानं पहिल्यांदाच तिला फोन केला असेल. होळी झाली की मजूर घेऊन येतो, घर पाडतो, म्हणाला. आठ खोल्या, पुढून सगळी काच, पाहुण्याला पांघरुणातून शिखरं दिसली पाहिजेत. गोपुलीनं माश्यांचं सांगितलं. तो हसला.

"काकी, डब्यात भरून घेऊन जा की."

"तुझी आई असती तर असं बोलला असतास? बोलावलेली माशी राहते, आणलेली राहत नाही."

 तो हसू आवरून म्हणाला, फार तर चैताच्या वीस तारखेपर्यंत थांबतो. तोवर बोलाव.

म्हणजे महिनाभर. भिंत पडली की मोहोळ उठणार, आणि जवळ मनाजोगी जागा मिळाली नाही तर डोंगरापलीकडे जाणार. मग गावात परत कधी येईल, कुणी सांगावं. जागा द्यायची तर आपलं सिमेंट फोडायला हवं, आणि नुसतं कोनाड्यातलं नाही, अख्ख्या मागच्या भिंतीवरचं, कारण ओल सगळ्या भिंतीतच कोंडली होती. त्रिलोकला विचारलं तर तो नाही म्हणणार हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं विचारलंच नाही.

चार दिवस ती पहार घेऊन भिंतीशी झुंजत होती. मग माती, बारीक कापलेलं भाताचं काड, शेण आणि उडदाचं पीठ पायांनी तुडवलं आणि हातानं लिंपलं. आतून कोनाड्याला तूप आणि जुनं मेण चोळलं. देवदारची फळी वासराच्या गव्हाणीवर झाकण म्हणून पडली होती. ती धुऊन परत बसवली. धुण्यानं शेण गेलं, तेलाचा डाग राहिला.

चैताच्या पंधरा तारखेला त्रिलोक आला तो हसत हसतच. पहिले पाहुणे ठरले होते. बावीस तारखेला यायचे होते, कुणी मास्तर नवरा-बायको. तो कौतुकानं खोलीत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"हे काय केलंस?"

"खष्टीचे बाबू, चूक माझी होती. मी केली, मीच मोडली."

"चौदा गोण्या होत्या. एकेका गोणीमागे मी खेचराची शेपटी धरून चढलोय," तो म्हणाला. "या घरात तुझं ऐकून घ्यायला भिंत आहे. मला कोण आहे?"

तो ओरडला असता तर गोपुलीनं दुप्पट ओरडून उत्तर दिलं असतं, सवयच होती. पण हे तो हळू बोलला. त्या दिवसापासून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. चुलीपासून लांब बसून जेवायचा, आपलं ताट आपणच धुवायचा. बावीस वर्षांचं भांडण बंद पडलं आणि घर आणखीच मुकं झालं. आता माश्या आल्या नाहीत, तर तिच्या हाती ना भिंत राहणार होती, ना नवरा.

वीस तारखेला कुंदन मजुरांसह आला. छपराचे पाथर, त्या दगडी फरश्या, एकेक करून उतरू लागले. त्रिलोक घरीच राहिला. पाहुण्यांसाठी त्या मातीच्या भिंतीला निदान पांढऱ्या मातीचा हात द्यायला तो बसला होता, तोंडानं अक्षर न काढता. दुपारी भिंतीला पहिला धक्का बसला आणि मोहोळ उठलं. आधी काळा धूर निघाल्यासारखं दिसलं. मग ते समोरच्या रानपेराच्या झाडावर जाऊन लोंबलं. सगळं गाव ताटं घेऊन धावलं. ताट वाजवलं की माशी लांब जात नाही, जवळचं घर बघते. बायका वाजवत होत्या, मजूर घमेली वाजवत होते, आणि दिल्लीचा कुंदन बूट चिखलात रुतवून आईच्या जुन्या कढईवर दगड आपटत होता. मध्येच तो थांबला आणि हातातल्या कढईकडे बघत राहिला, मग पुन्हा वाजवू लागला.

तासाभरानं मोहोळ सुटलं. गोपुलीच्या घराकडे नव्हे, उलट खाली, झऱ्याच्या दिशेनं. ती ताट बडवत मागे धावली. बांज वृक्षांच्या दाटीत ते दिसेनासं झालं. ती झरा ओलांडून गेली, पार जुन्या पाणचक्कीपर्यंत उतरली. ढग खाली आले, दहा पावलांपलीकडचं दिसेना. तरी ती बराच वेळ ताट वाजवत राहिली. कुणासाठी वाजवतोय, हे तिचं तिलाच कळेना. मग तिनं तिथेच दगडावर बसून रडून घेतलं, आणि गाई हंबरायची वेळ झाली म्हणून उठली.

चढण चढून ती अंगणात आली तेव्हा दिवस मावळत होता. त्रिलोक पाहुण्यांच्या खोलीच्या दारात उभा होता. कोपरापर्यंत हात पांढऱ्या मातीनं भरलेले.

"ताट तिथेच ठेव," तो हलक्या आवाजात म्हणाला. "वाजवू नकोस."

पाच दिवसांत तो पहिल्यांदाच बोलला होता. गोपुली पायांचा आवाज न करता आत गेली. त्रिलोक फळीपाशी गेला आणि त्यानं कान लावला. डाग बायकांच्या उंचीवर होता, म्हणून त्याला गुडघ्यात वाकावं लागलं. गोपुलीनं समोरून आपला कान टेकवला. आत घरघर चालली होती. नवी, जरा विस्कळीत, सामान लावून व्हायचं असावं तशी.

"आई इथे उभी असायची," त्रिलोक म्हणाला. "मला वाटायचं, ती भिंतीला काहीतरी सांगतेय. ती ऐकत होती, हे मला कुणी सांगितलंच नाही."

गोपुलीच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. पण डोळे पुसायच्या आधी तिच्या तोंडून प्रश्न निघाले. कधी आल्या? कुठून? सगळ्या एकदम की थोड्या थोड्या?

एरवी या बाईच्या प्रश्नांपुढे त्रिलोक जीपची किल्ली घेऊन उठायचा. आज तो नीट उभा राहिला.

"आधी सात आल्या, दुपारीच. भोकाशी घुटमळल्या, आत जाऊन आल्या, परत गेल्या. मग चार वाजता वरच्या बाजूनं सगळ्या. झऱ्याला वळसा घालून आल्या असाव्यात. आत जायला अर्धा तास लागला. चार-पाच जणी अजून बाहेर, भोकाशी उरलेल्या निळ्या रंगाच्या टवक्याशी बसल्यात, त्या का बसल्यात ते नाही कळलं."



"तुम्ही हे सगळं बघत बसलात?"

"मग काय करणार," त्रिलोक म्हणाला. "आल्या आल्या तू विचारणारच होतीस."