उलुकमानचा चौथा धडा

उलुकमानला कुणालाही तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे मी सोळा वर्षं बघत आलेय. बाजारातल्या एका लोखंडी कंटेनरमध्ये आम्ही दोघांनी पहिला तागा उलगडला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि मी पंचेचाळीसची. गिऱ्हाईक खराब माल परत घेऊन आलं, की हा मागच्या मागे चहा आणायला पळायचा आणि भांडायला मी उभी. आज त्याच्या हाताखाली तीनशे ऐंशी माणसं आहेत. आमचे शाळेचे गणवेश पार रशियात जातात. आणि हा आता मुलाखती देतो, माणसं कशी सांभाळावीत यावर! ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मी कापड बेतते. कंपनीची प्रत्येक कॉलर, प्रत्येक बाही आधी माझ्या टेबलावर खडूने आखली गेलीय. नवरा गेला, मुलगी मॉस्कोला गेली, टेबल राहिलं. ते गेलं तर सकाळी उठून मी जायचं कुठे, एवढाच माझा प्रश्न होता.

मार्चमध्ये कापड कापणारं यंत्र आलं आणि त्याच्याबरोबर अल्माटीहून एक शिकलेले साहेब आले. ते कापडाला हात लावत नाहीत, पडद्याकडे बघतात. एक दिवस ते माझे मापांचे पुठ्ठे भिंतीवरून काढून यंत्रात भरायला त्यांचे फोटो घ्यायला लागले. माझ्या डोक्यात सणक गेली. मी कात्री ठेवली आणि तडक उलुकमानच्या खोलीत गेले.

"मी राहणार की जाणार? सरळ सांग."

तो खुर्चीतून उठला. मी वयाने मोठी, त्यामुळे उठायला तो कधी चुकत नाही. "एजे, असं काय बोलता? तुम्ही या कंपनीची आई आहात."

एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला सगळे तेच म्हणतात. पण हा जेव्हा आईवर घसरतो तेव्हा काहीतरी काळंबेरं असतं.

"आईचं राहू दे. टेबल राहणार का?"

"चहा घ्या ना."

"चहा नको, उत्तर हवंय."

"शुक्रवारी आमच्या क्लबचं जेवण आहे. तुम्ही या. माझ्या शेजारी बसा. सगळ्यांना सांगायचंय मला, तुम्ही कोण आहात ते."

मी मूर्ख. मला वाटलं, भर सभेत शेजारी बसवतोय म्हणजे टेबल राहिलं. शुक्रवारी कामावरून लवकर निघाले, केस रंगवले, मुलीने पाठवलेली शाल काढली.

तो क्लब म्हणजे मधल्या आकाराच्या कंपन्यांच्या मालकांचा. मंत्री उठून भेटायला यावेत एवढ्या त्या मोठ्या नाहीत, आणि मालकाने स्वतः झाडू मारावा एवढ्या लहान नाहीत. दही विकणारे, खिडक्या बनवणारे, औषधांची दुकानं चालवणारे, असे ऐंशीएक जण. महिन्यातून एकदा जमतात आणि आपण कसे वाढलो ते एकमेकांना शिकवतात. माझ्या उजवीकडे खिडक्यांच्या कारखान्याचा जाडजूड मालक होता. मटणाचं ताट आलं तसं त्याने मला विचारलं, "एजे, तुम्ही कोणत्या कंपनीच्या?"

"मी कापड बेतते."

"वा," तो म्हणाला आणि डावीकडच्या माणसाशी बोलायला लागला.

उलुकमान उभा राहिला. मागे पडदा, पडद्यावर त्याचाच हसरा फोटो. त्याने पाच धडे काढले होते. पहिला स्वप्नाचा, दुसरा आकड्यांचा, तिसरा कसला ते मी ऐकलं नाही, कारण समोरच्या बाईंच्या कोटाची बाही चुकीची बसली होती आणि माझं लक्ष तिकडे होतं. मग तो म्हणाला, "चौथा धडा सगळ्यात अवघड. निरोप द्यायला शिका. जी माणसं तुम्हाला शंभर कामगारांपर्यंत आणतात, ती पाचशेपर्यंत नेऊ शकत नाहीत."

लोक लिहून घ्यायला लागले.

"गेल्या महिन्यात मी माझ्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याला निरोप दिला. आधी तीन रात्री मला झोप नव्हती. पण मी पळालो नाही. समोर बसवलं आणि डोळ्यात डोळे घालून सांगितलं. त्या रडल्या. मीही रडलो. शेवटी त्याच म्हणाल्या, बेटा, तुझं बरोबर आहे."

मी मनात माणसं मोजायला लागले. आमच्यातलं कोण गेलं गेल्या महिन्यात? कुणीच नाही. सगळ्यात जुनं कोण? तेव्हा माझ्या हातातला घास ताटात पडला.

"आणि त्या आज इथे आहेत," उलुकमान म्हणाला. "सुयुमकान एजे!"

ऐंशी माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. त्याने माझ्या खांद्यावर चापान चढवला, निळा मखमली झगा, सोनेरी वेलबुट्टीचा. मानाच्या माणसाला घालतात तसा. भरतकाम यंत्राचं होतं आणि खांदा दोन बोटं उतरलेला. पाठीमागून तो माझ्या कानाशी पुटपुटला, "एजे, सोमवारी सगळं नीट बोलतो. आत्ता सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! सोळा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? राग एवढा आला की कान गरम झाले. हा मला काढणार याचा राग होताच. पण मला न सांगता मला काढल्याचं याने गावाला सांगितलं, आणि माझ्या तोंडी 'तुझं बरोबर आहे' घालून टाळ्या घेतल्या, ते माझ्या जिव्हारी लागलं.

आणि नेमकं तेव्हा त्या गाढवाला संस्कार आठवले. "एजे सगळ्यांत वडील आहेत. त्यांनी बाता द्यावा."

बाता म्हणजे आशीर्वाद. वडील माणूस तळवे उघडतं, की सगळे उघडतात. त्याचे शब्द संपेपर्यंत हात खाली करायचे नसतात. मग ओमीन, म्हणजे तथास्तु, म्हणायचं, तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे आणि तेव्हाच ताटावरून उठायचं. मी तळवे उघडले. ऐंशी मालकांनी उघडले. मी गप्प राहिले.

खिडकीवाल्याने घसा खाकरला. कुणाचा तरी फोन वाजला आणि वाजतच राहिला, कारण हात कुणाचेच मोकळे नव्हते.

"एजे?" उलुकमान म्हणाला.

"देते ना. पण तू मला समोर बसवून सांगितलंस म्हणतोस, ते मला काही आठवत नाही. वय झालं. परत एकदा सांग."

"एजे, लोक बघतायत."

"मघाशीही बघत होते."

"हे माझ्या खोलीत बोलू."

"खोलीत तू चहा पाजतोस. इथे बोल. डोळ्यात डोळे घालून."

त्याच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता पळेल. मी पैजेवर सांगितलं असतं की पळेल, आणि पळाला तर माझं टेबल राहिलं. सोमवारी मी आठ वाजता कामावर जाणार होते, आणि जोवर हा तोंडाने सांगत नाही तोवर मला तिथून हलवायची कुणाची टाप नव्हती.

उलुकमानने माझ्याकडे बघितलं. नजर वळवली नाही. "सुयुमकान एजे, सोमवारपासून तुम्ही येऊ नका," तो म्हणाला. "टेबल आज दुपारीच काढलंय."

आवाज जरासुद्धा हलला नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो मला मालकासारखा दिसला. मागून कुणीतरी "शाब्बास" म्हणालं.

मी हरले होते, आणि मला हरवायला मीच त्याला उभं केलं होतं. पण शब्द दिला होता. बाता द्यायचा होता.

"देव तुम्हा सगळ्यांच्या कंपन्या वाढवो," मी म्हणाले. "एवढ्या वाढवो, की तुम्हीही त्यांना पुरे पडू नये. आज ज्यांना हाताला धरून शिकवताय, ती माणसं मोठी होवोत. आणि एक दिवस त्यांनी तुम्हाला असंच शेजारी बसवावं, मखमल पांघरावी, आणि भरल्या ताटावर सांगावं, उद्यापासून येऊ नका. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवाव्यात."

आशीर्वाद वडील माणसाचा होता. नाकारता येत नव्हता, घेववत नव्हता. मालक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. ओमीन कुणाच्याच तोंडून येईना.

"ओमीन," शेवटी मीच म्हटलं, चेहऱ्यावरून तळवे फिरवले आणि उठले. दारापाशी जाऊन मागे बघितलं, तर उलुकमानचे हात अजून वरच होते.