फेलिक्सचा म्लाय

फेलिक्सने निकालाआधीच म्लाय उभा केला, तिथेच घाई झाली. गावात कुणाची पन्नाशी किंवा लग्न असलं की शेजारीपाजारी स्प्रूसचं उंच खोड सोलतात, शेंड्याची हिरवी पालवी तेवढी राखतात आणि माळा बांधून ते त्याच्या दारात उभं करतात; तोच म्लाय. इथे मात्र मुलीसाठी बापानेच पुढाकार घेतला होता. सकाळी दोर ओढून झाले, वाइन झाली, दुपारी रविवारचं सूप पिऊन सगळे टीव्हीसमोर बसले. राजधानीत, लुब्लियानात, देशातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचं नाव पुकारलं, ते त्याच्या झार्याचं नव्हतं.

मंडळी गुपचूप पांगली. शेजारचा विन्को तेवढा राहिला.

"ती संध्याकाळी घरी येतेय," करवत शोधत फेलिक्स म्हणाला. "त्याआधी पाडतो."

"वेडा झालास का? उभा केलेला म्लाय त्याच दिवशी पाडतं का कुणी?"

"मग हरलेल्या पोरीसमोर मिरवू? आधीच माझ्याशी धड बोलत नाही ती."

कारण गावाला ठाऊक होतं. झार्या दहा वर्षांची असताना, पोरीच्या जातीला हे शोभत नाही म्हणून फेलिक्सने तिचे फुटबॉलचे बूट काढून घेतले आणि चुलीत घातले म्हणून सांगितलं. ती खेळायची थांबली नाही, घरी काही सांगायची मात्र थांबली. चूक त्याला केव्हाच कळली होती, पण कबूल करायला जीभ रेटत नव्हती. आज ती जिंकली असती तर न बोलताच निभावलं असतं, असं त्याला वाटलं होतं.

करवत खोडाला लागते न लागते तोच अंगणात गाडी थांबली.

"हा कुणासाठी, बाबा?" उतरता उतरता झार्याने विचारलं.

"विन्कोच्या साठीचा," फेलिक्सने ठोकून दिलं.

"माझी साठी होऊन तीन वर्षं झाली गं," म्हणत विन्को टोपी उचलून चालता झाला.

झार्याने मान वर केली. पालवीच्या खाली, लाल नाडीने बांधलेले दोन इवलेसे बूट लटकत होते.

"तुम्ही तर जाळले होते ना?"

"ओले होते," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "पेटले नसते."

"पंधरा वर्षं ओलेच होते?"

झार्याने त्याच्या हातातली करवत काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"राहू दे उभा. रविवारचं सूप उरलंय का थोडं?"