राजीखुशीची जबानी

त्र्यंबकरावांच्या घरी लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा त्यांनी लेकीला, मालनला, समोर उभे केले. "तू फोडलीस का?" पोर काही बोलेना. "बोलत नाहीस, म्हणजे तूच! कर नाही त्याला डर कशाला?" असे म्हणून त्यांनी निकाल दिला आणि पागोटे डोक्यावर ठेवून कचेरीची वाट धरली. बरणी मांजराने पाडली होती, आणि मांजराचे नाव सांगितले तर वडील त्याला घराबाहेर काढतील म्हणून मालन गप्प होती, हे तिच्या आईला, सुमतीबाईंना, दुपारी कळले. त्र्यंबकरावांना कळायला बराच काळ जायचा होता.

त्र्यंबकराव ठाण्याच्या कचेरीत कारकून. वीस वर्षे त्यांनी लोकांच्या जबान्या लिहिल्या. मोडी अक्षर असे, की साहेबसुद्धा कागद दिव्याकडे धरून बघे. प्रत्येक जबानीच्या शेवटी ते एक ओळ लिहीत: "वरील मजकूर मी राजीखुशीने, कोणाच्या दाबाशिवाय सांगितला असे." सांगणाऱ्याला विचारायचे नाही, दाखवायचे नाही. जेवण झाले की हात धुवावेत, तशी ती ओळ.

त्या वर्षी जंगलाच्या नव्या कायद्याचा जाच सगळ्या जिल्ह्याला झाला होता. आपल्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर टहाळ, म्हणजे झाडांच्या पानाळ डहाळ्या, आणि पाला पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबाशिवाय रोप नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. पण डोंगर राखीव झाले आणि टहाळ तोडणे हा गुन्हा झाला. लोकांनी ओरड केली, तेव्हा मुंबईच्या कौन्सिलातले, म्हणजे कायदे करणारे, तीन सभासद चौकशीसाठी ठाण्याला येऊन बसले. जबान्या लिहायला अर्थातच त्र्यंबकराव!

तिसऱ्या दिवशी घोडबंदरच्या वाटेवरच्या एका गावचा किरिस्ताव शेतकरी, पायस, समोर आला. राब का लागतो ते त्याने झकास सांगितले. मग मुख्य सभासदांनी विचारले, "यंदा तू टहाळ कुठून आणलास?"

पायस थबकला. "सायेब, या सवालाचा जवाब देलाच पायजे काय? उद्या यो माजेवरच उलटंल."

"द्यावाच लागेल," सभासद म्हणाले. "पण भिऊ नकोस. आम्ही भाग पाडून घेतलेलं उत्तर तुझ्यावर खटल्यात वापरलं जाणार नाही. तसा हुकूमच आहे."

तरी पायस घुटमळला. तेव्हा त्र्यंबकरावांना राहवले नाही. "अरे, कर नाही त्याला डर कशाला? बोल की!" मंडळी हसली. पायसची मान खाली गेली, आणि खाली मान घालूनच त्याने सांगितले की राखीव डोंगरावरून दोन भारे आणले.

त्र्यंबकरावांनी ते दोन भारे लिहिले. मधली घासाघीस त्यांना फालतू वाटली, ती गाळली. खाली नेहमीची ओळ घातली आणि पायसकडून सहीऐवजी नांगराची निशाणी करून घेतली.

मृग तोंडावर आला असताना पायसवर खटला भरला गेला. पुरावा एकच, ती जबानी. भाग पाडून घेतलेले उत्तर वापरायचे नाही, हा हुकूम खरा. पण कागदावर तर स्वच्छ अक्षरात राजीखुशी लिहिली होती! सभासद कधीच मुंबईला परतले होते.

एके सकाळी पायसची बायको मॅग्डलीन त्र्यंबकरावांच्या ओटीवर येऊन उभी राहिली. "भाऊ, ता कागूद तुमीच लिवलाव ना? माजा घोव नको म्हनत व्हता. ता कागदावर का नाय?"

"अहो बाई, असलं किरकोळ बोलणं लिहीत नसतात."

"तुमाला किरकोळ. त्याला म्हयनाभर तुरुंगात घातला, तं राब जालून ठेवलेली जमीन तशीच ऱ्हाईल. पोरांनी खावाचा काय?"

ती निघून गेली. सुमतीबाई दारात उभ्या होत्या. "ती म्हणते ते खरं आहे का हो?" त्यांनी विचारले. त्र्यंबकराव गप्प राहिले. मालन तिथेच फुले निवडत होती. तिने एकदा वर पाहिले आणि पुन्हा खाली बघितले. वीस वर्षांत प्रथमच आपल्या अक्षराची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते आगगाडीने कल्याणला, पायसचे वकीलपत्र घेतलेल्या म्हाताऱ्या विश्रामरावांकडे गेले. झाले ते सांगितले, पण मनातला पीळ सुटेना. "पण विश्रामराव, टहाळ तर त्यानं तोडलाच ना? मग खरं सांगायला भ्यायचं कशाला?"

"तोडला असेल! ते सरकारनं शोधावं, साक्षीपुराव्यानं शाबीत करावं," म्हातारा कडाडला. "माणसाच्याच जिभेचा दोर वळून त्याच्या गळ्यात घालायचा, याला न्याय म्हणतात का? आणि गप्प बसणारा चोरच असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? कुणी भीतीनं गप्प बसतो, कुणी दुसऱ्याला वाचवायला. कायदे करणाऱ्यांनी लोकांची दुःखं ऐकायला बसायचं, आणि ऐकून घेतलेलं सांगणाऱ्यावरच उलटायचं! मग पुढच्या खेपेला खरं बोलेल कोण? आणि खोट्यावर कायदे रचले, तर ते टिकतील किती दिवस?"

त्र्यंबकरावांनी पागोटे काढून मांडीवर घेतले.

"मी तुम्हाला साक्षीला बोलावणार आहे," विश्रामराव जरा मऊ झाले. "पण आधीच सांगून ठेवतो. जबानी चुकीची लिहिली असं कबूल केलंत तर नोकरी जाईल, कदाचित तुमच्यावरच खटला होईल. तुम्ही नको म्हणा. मी तुम्हाला चोर म्हणणार नाही."

ही सवलत ऐकून त्र्यंबकरावांना चाबूक बसल्यासारखे झाले. पायसने याहून वेगळे काय मागितले होते?

खटल्याच्या दिवशी त्र्यंबकराव साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. विश्रामरावांनी विचारले, "आरोपीनं हे राजीखुशीनं सांगितलं का?" आणि लगेच म्हणाले, "साक्षीदारानं उत्तर देण्याआधी ध्यानात घ्यावं, की हे उत्तर त्याच्यावरच उलटू शकतं."

कोर्ट शांत झाले. त्र्यंबकराव आपल्याच अक्षरातल्या त्या कागदाकडे बघत राहिले. मागे कचेरीतले सोबती बसले होते. त्यातला एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागून हसत म्हणाला, "बोलत नाही म्हणजे पाणी मुरतंय!" ते त्यांना स्पष्ट ऐकू आले. अगदी असेच हसू त्या दिवशी पायसने मान खाली घालून ऐकले होते, आणि ते आपण पिकवले होते!

"नाही!" ते म्हणाले. "तो नको म्हणत होता. सभासदांनी भाग पाडलं आणि अभय दिलं. मी दोन्ही गाळलं. आणि ती शेवटची ओळ त्याची नव्हे. ती माझी सवय आहे. वीस वर्षं मी ती न विचारता लिहीत आलो."

वीस वर्षे! हे ऐकून मॅजिस्ट्रेटने लेखणी खाली ठेवली. जबानी बाद ठरली, पायस त्याच दिवशी सुटला आणि पेरणीला घरी पोचला. त्र्यंबकरावांवर खटला झाला नाही, पण नोकरी गेली. दाराबाहेर त्यांनी पायसपुढे हात जोडले. "माना माजा शेत मिलाला," तो म्हणाला. "पन मंग आधीच्या लोकांचा काय, भाऊ?"

पुढे आयुष्यभर त्र्यंबकराव याचे उत्तर शोधत राहिले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आधी मालनला जवळ घेतले आणि बरणीचा निकाल फिरवला.

वाचकहो, गप्प बसलेल्या माणसाला आपण किती सहज गुन्हेगार ठरवतो! घरात मुलाला, कचेरीत गरिबाला. स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क चोरांसाठी काढलेली पळवाट नाही. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यासाठी घातलेले ते कुंपण आहे. आणि तोंड उघडायचेच असेल, तर आपल्यामुळे दुसरा अडकला असेल तिथे आधी उघडावे.

पुढे त्र्यंबकराव कल्याणला कोर्टाबाहेर अर्ज लिहीत बसत. अक्षर तेच. समोर कोणी येऊन बसला, की लेखणी शाईत बुडवण्याआधी ते म्हणत, "बाबा, जे सांगायचं नसेल ते सांगू नकोस. आणि नको म्हणालास, तर तेही मी लिहीन."