आऊट झालेल्यांची भिंत

इंग्रजीच्या बाईंचा घसा बसला आणि भोंग्याचं नशीब उघडलं.

भोंगा म्हणजे नववीतली एक मुलगी. आवाज असा, की तिने मैदानाच्या या टोकाला कुणाच्या कानात सांगितलेलं गुपित त्या टोकाला ऐकू जायचं. जन्मापासून तिने "हळू बोल" एवढंच ऐकलं होतं. आणि आता मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, तिला स्वतःहून बोलावलं होतं.

"डॉक्टरांनी बाईंना बोलायची बंदी केली आहे," त्या म्हणाल्या. "त्या तिसरीच्या वर्गात बसतील, तू त्यांचा आवाज हो. शेवटचा तास तुझा."

"खेळ घेऊ का? इंग्रजीतले?"

शेजारी बसलेल्या बाईंनी टेबलावर डस्टर एकदा वाजवलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. "शुक्रवारपर्यंत घे. शुक्रवारी मी येईन आणि मला वाटेल त्या मुलाला इंग्रजीत बोलायला लावीन. बोललं, तर खेळ चालू. नाही बोललं, तर फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायचं, चालत आलंय तसं."

फळ्यावरचं उतरवायला आवाज कशाला लागतोय? म्हणजे भोंगा परत बंद. भोंगा मान हलवून बाहेर आली ती शुक्रवारी पोरांना बोलतं करायचंच, अशी मनाशी शपथ घेऊनच.

खेळ साधा होता. 'टीचर सेज, टच युअर नोज' म्हटलं की नाकाला हात लावायचा. 'टीचर सेज' न म्हणता नुसतंच 'टच युअर नोज' म्हटलं तर ढिम्म उभं राहायचं. हात हलला की आऊट, आणि आऊट झालेल्याने मागच्या भिंतीपाशी जाऊन बसायचं. ज्यांना बोलायचीच बंदी, त्यांच्याच नावाने हुकूम सुटत होते आणि बाई एका हातात डस्टर, दुसऱ्याने पोट धरून हसत होत्या, आवाज न करता.

वर्ग दणाणून गेला. शेजारच्या वर्गातून दोनदा निरोप आला. भोंग्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेवटी नेहमी तीच चार हुशार पोरं उरायची आणि पोपटासारखी टकाटक हुकूम झेलायची. शुक्रवारची काय बिशाद, असं तिला वाटायला लागलं.

तिचा धाकटा भाऊ टिल्लू याच वर्गात होता. संध्याकाळी आई शिलाई मशीनवर वाकलेली, आणि हा तिच्या पायाशी चिंध्यांत लोळत होता.

"ताई, तुझा खेळ एकदम भारी आहे," तो म्हणाला.

"मग, आहेच मुळी. काय आवडलं?"

"पटकन आऊट होता येतं. मी तर सगळ्यांत आधी होतो. मग भिंतीपाशी आम्ही खोडरबरांची कुस्ती लावतो. उद्या माझा मोठा खोडरबर नेणार आहे."

मशीन थांबलं. आईने तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होतेच.

"हसू नकोस गं," भोंगा म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज स्वतःहून खाली आला. ज्यांना येत होतं ते खेळत होते. ज्यांना येत नव्हतं त्यांना तिनेच भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आणि मोठ्या बाई बोट दाखवणार ते नेमक्या त्या भिंतीकडेच.

दुसऱ्या दिवशी तिने नियम फिरवला. आता आऊट होईल त्याने भिंतीपाशी जायचं नाही. बाईंच्या खुर्चीवर उभं राहायचं आणि पुढचे हुकूम आपण सोडायचे, दुसरं कुणी आऊट होईपर्यंत.

टिल्लू खिशात खोडरबर घेऊन आऊट झाला आणि खुर्चीवर चढल्यावर त्याला कळलं, की आपण फसलो.

"टीचर सेज, सिट डाउन," तो पुटपुटला. सगळे बसले.

आता पुढे काय? त्याला तेवढंच येत होतं. "टीचर सेज, सिट डाउन," तो पुन्हा म्हणाला. बसलेली पोरं बसलेलीच. कुणी आऊट होईना आणि याला खाली उतरता येईना.

"अरे, उठव की आम्हाला," पुढच्या बाकावरची मुलगी करवादली.

"कसं उठवू? ते काय म्हणतात?"

"स्टँड अप म्हण, शहाण्या."

बुडत्याने काडी धरावी तसा त्याने तो शब्द झेलला. त्या संध्याकाळी मशीनवरच्या आईला त्याने दहादा उठवलं आणि दहादा बसवलं. "शर्टाची बाही राहिली बाजूला," आई म्हणाली, पण उठली.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, आणि बोट थेट हातात खोडरबर घेतलेल्या टिल्लूकडे गेलं. "तो खोडरबरवाला. चढ खुर्चीवर."

टिल्लू चढला. भोंग्याच्या तोंडात शब्द तयार होता, पण तिने ओठ दाताखाली दाबले. सांगितला असता तर अख्ख्या शाळेला ऐकू गेला असता.

"सिट डाउन," टिल्लू म्हणाला.

एक पोर हललं नाही. सगळे ताठ उभे. मोठ्या बाई मात्र समाधानाने मागच्या बाकावर बसल्या.

सगळ्या माना मागे वळल्या.

"मॅडम," पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "त्याने 'टीचर सेज' म्हटलंच नव्हतं. तुम्ही आऊट."

मोठ्या बाईंनी बाईंकडे पाहिलं. डस्टर एकदाच वाजलं, ठक्कन.

मग त्या उठल्या, चप्पल काढून खुर्चीवर चढल्या, आणि घंटा झाली तरी उतरल्या नाहीत. नाक, कान, गुडघे, दार, खिडकी, सगळ्यांना हात लावून झाले. खाली उतरताना त्या भोंग्याला एवढंच म्हणाल्या, "सोमवारीही खेळ चालू. शेजारच्या वर्गांना जरा कान टवकारून बसायला सांगते, त्यांचंही इंग्रजी होऊन जाईल."

घरी जाताना भोंग्याने विचारलं, "काय रे, मुद्दाम केलंस की विसरलास?"

"विसरलो," टिल्लू म्हणाला. "पण त्या बसल्यावर मला वाटलं, बरं झालं विसरलो." त्याने खिशातला खोडरबर काढून पाहिला आणि परत ठेवला. "ताई, आता आऊट झालं की काम फार वाढतं गं. खिडकीला काय म्हणतात, परत सांग."

तिने सांगितलं. रस्त्याच्या पलीकडची खिडकी उघडून कुणीतरी बाहेर डोकावलं.