खिंडीपलीकडचा नाताळ

रुसावं कुठं आणि कुणावर, यालाही अक्कल लागते. हागबार्टकडे ती नव्हती.

ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर तो आणि तोर्लेइफ भागीत कोल्ह्यांची शिकार करत. खिंडीच्या अलीकडे हागबार्टची झोपडी, पलीकडे तोर्लेइफची, मध्ये हिमनदी. नोव्हेंबरात भेटले तेव्हा तोर्लेइफ म्हणाला, "लेका, तुझा पाव फेकून मारला तर अस्वल आडवं होईल. गोळी वाचेल." एवढंच. पण हागबार्टला ते लागलं.

नाताळाला त्यानं खिंड ओलांडून तोर्लेइफकडे जायचं ठरलं होतं. तो गेलाच नाही. बसू दे एकट्यालाच खीर ढवळत, असं म्हणून पांघरुणात शिरला.

आता तिथली रीत अशी, की ठरल्या दिवशी माणूस आला नाही तर तो संकटात आहे असंच धरायचं आणि शोधायला निघायचं. हागबार्टला ती पाठ होती, पण रागाच्या भरात आठवली नाही. तिसऱ्या दिवशी आठवली. तो धावत सुटला.

तोर्लेइफ खिंडीच्या माथ्यावर सापडला. बर्फाच्या भेगेत पाय मोडलेला, झोपायच्या कातडी पिशवीत कुडकुडत पडलेला.

"जिवंत आहेस होय रे?" त्यानंच विचारलं. "मला वाटलं, गेलास."

"ताप होता," हागबार्ट म्हणाला. "उठवत नव्हतं."

पाय गुडघ्यापासून कापावा लागला. पुढं त्रोम्सो बंदरात जाळी विणत बसलेला तोर्लेइफ येईल त्याला सांगे, "हा बघा हागबार्ट. अंगात ताप घेऊन खिंड चढला, माझ्यासाठी." हागबार्ट मान खाली घाली. लोकांना तो विनय वाटे. विनय कसला, डोंबलाचा! आज सांगू, उद्या सांगू करत छत्तीस वर्षं गेली, आणि एके दिवशी तोर्लेइफही गेला.

दफनानंतर त्याच्या बायकोसमोर, योर्गिनासमोर, कॉफी घेताना हागबार्टनं सगळं सांगून टाकलं. ताप नव्हता. रुसून बसलो होतो.

योर्गिनानं हातातला कप खाली ठेवला.

"त्याला सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर तो पोट धरून हसला असता, आणि माफ करून मोकळा झाला असता. त्याचा स्वभावच तसा. माझ्याकडून ते व्हायचं नाही."

हागबार्ट टोपी घेऊन उठला. तिनं त्याला थांबा म्हटलं नाही.